नववं कलम

बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाने टेनिसचे नियम लिहावेत, यात तसं काही तर्कशास्त्र नव्हतं. त्याने जन्मात कधी रॅकेट धरली नव्हती. पण सहा शाळांनी मिळून सहावी ते आठवीच्या मुलांची लीग काढली तेव्हा नियम लिहायला कोणी पुढे येईना, आणि याचं अक्षर सुरेख होतं. ज्याने आम्लाच्या बाटल्यांत कधी घोळ घातला नाही तो इथेही घालणार नाही, असं म्हणून मुख्याध्यापकांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

त्याने सतरा कलमं लिहिली. तेव्हापासून मुलं त्याला कलमकाका म्हणू लागली.

घरी थोरली बहीण होती. ती म्हणायची, “साखरेचा डबा कुठे असतो ते तुला अजून माहीत नाही, आणि निघालाय जगाला नियम शिकवायला.”

“जगाला नाही गं ताई. सहावी ते आठवीला.”

नियम साधे होते. पंच ठेवायला माणसं नव्हती, म्हणून चेंडू आत पडला की बाहेर हे मुलांनीच सांगायचं. शंका आली तर चेंडू आत धरायचा. मुलांना हे लगेच जमलं. जमलं नाही ते मोठ्यांना. पहिल्याच वर्षी एका वडिलांनी कोर्टात घुसून समोरच्या पोराची कॉलर धरली. त्यानंतर कलमकाकाने नववं कलम नव्याने लिहिलं: सामना सुरू झाल्यावर मोठ्या माणसाने कुंपणाच्या जाळीआत पाऊल टाकू नये, बाहेरून खेळाडूशी बोलू नये, काही देऊ नये. तसे झाल्यास त्या खेळाडूचा सामना गेला असे धरावे. बाजू बदलताना मात्र दीड मिनिट खेळाडूला फाटकापाशी येता येईल.

पुढची सहा वर्षं भांडणाचं नाव नाही. दर शनिवारी तो फाटकाजवळ लोखंडी खुर्ची टाकून बसायचा. बोलून दाखवत नसे, पण आयुष्यात आपल्या हातून एक काम नीट झालं, असं त्याला वाटायचं.

सातवीतली एक मुलगी डाव्या हाताने खेळायची. सगळे तिला डावरी म्हणत. तिची आई कपडे शिवायची, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. डावरीला दमा होता, पण हे त्या दोघींशिवाय शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. लीगच्या फॉर्मवर आजाराचा रकाना होता. तो भरला की डॉक्टरचा दाखला मागतील, मग संघातून काढतील, असं पोरीच्या डोक्यात बसलं होतं. तिने आईला हातापाया पडून तो रकाना कोरा ठेवायला लावला. दम्याचा पंप कोणाला दिसू नये म्हणून तो आईच्या पर्समध्ये असायचा.

त्या शनिवारी डावरी पाच-तीनने पुढे होती. हा गेम जिंकला की सामना तिचा आणि तिच्या शाळेला अंतिम फेरी. हरला तरी गेम संपताच बाजू बदलणार, म्हणजे दीड मिनिट मिळणारच. पण गेम संपेना. दोघी चाळीस-चाळीसवर आल्या. तिथून लागोपाठ दोन पॉइंट घेईल तिचा गेम, आणि एक इकडे गेला की दुसरा तिकडे जायचा. डावरी प्रत्येक सर्व्हिसच्या आधी गुडघ्यांवर हात टेकून वाकू लागली.

तिची आई, शिवणवाली, बाकावरून उठून कलमकाकाच्या खुर्चीपाशी आली. “काका, तिला धाप लागलीय. तिचा पंप आहे माझ्याकडे. देऊ का?”

त्याला खरं तर धक्काच बसला. पण तो हळूच म्हणाला, “आत्ता दिलात तर सामना जाईल हो तिचा. दोन पॉइंटचा प्रश्न आहे. बाजू बदलताना द्या. मी काही बघितलं नाही, कोणाला सांगणार नाही.”

आपण त्या माउलीवर उपकारच करतोय, असं त्याला वाटलं.

आणखी तीन पॉइंट झाले. डावरीचे खांदे वर-खाली होत होते, ओठांचा रंग दुरूनही बरा दिसत नव्हता. शिवणवालीचा हात फाटकाच्या कडीवर होता. “काका, सामना गेला तर जाऊ दे. उघडते मी.”

“एवढी जिंकत आलीय पोर,” तो म्हणाला. “तुमच्याशी जन्मभर बोलणार नाही ती. एकच पॉइंट. थांबा.”

ती थांबली. नियम ज्याने लिहिले तोच सांगतोय म्हटल्यावर ती काय करणार?

पुढची सर्व्हिस डावरीच्या हातून सुटलीच नाही. चेंडू वर गेला, खाली पडला, आणि ती त्याच्या शेजारी बसली, मग आडवी झाली. फाटक उघडलं तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

लीगचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कलमकाकाला ऑफिसात बोलावून चहा मागवला. “घडलं तेवढंच लिहा,” ते म्हणाले. “आजाराचा रकाना आईने कोरा सोडला, हे पहिल्या ओळीत येऊ द्या.”

“आईने मला विचारलं होतं, साहेब. दोनदा.”

“कोणी ऐकलं?”

“मी ऐकलं.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “काका, तुम्ही नियम पाळलात. लीग बंद पडली तर तीनशे मुलांचं नुकसान. त्याने ती परत येणार आहे का?”

कलमकाकाने तिथेच बसून खरं ते लिहिलं आणि सही केली. अध्यक्षांनी तो कागद घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला, आणि दुसरा टाइप करून स्वतःच्या सहीने पाठवला. कलमकाका चहा तसाच ठेवून उठला. घरी आला, जेवला नाही, बहिणीलाही काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी बहीणच बाहेरून ऐकून आली. “शिवणवालीचं दुकान बंद आहे रे. सासू येईल त्याला सांगतेय, पोरगी डोळ्यांसमोर गुदमरत होती आणि ही पर्स मांडीवर घेऊन बसली होती. लीगच्या कागदातही तसंच आहे म्हणे. नवरा तिच्या हातचं पाणी घेत नाही.”

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. बहिणीने भाजीची परात बाजूला सारली.

“मग इथे मला काय सांगत बसलायस?” ती म्हणाली.

तो गेला. पुढच्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती. सासूबाई खाटेवर, नवरा दाराशी, आणि शिवणवाली जमिनीवर भिंतीला टेकून. बसा, असं कोणी म्हटलं नाही. त्याने उभ्यानेच खिशातला कागद काढला. अक्षरं स्पष्ट होती.

“मुलीच्या आईने औषध देण्यासाठी मला दोनदा परवानगी मागितली. दुसऱ्यांदा सामना सोडण्याचीही तयारी दाखवली. दोन्ही वेळा मी तिला थांबवले. नियम माझा होता आणि तो मोडण्याचा अधिकारही माझ्याकडे होता.”



“पुन्हा वाचा,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. “हे तू आधी बोलली का नाहीस गं?”

“बोलले होते,” शिवणवाली म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

सासूबाईंनी हात पुढे केला. त्याने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळींवरून बोट फिरवत राहिल्या.

“निघा तुम्ही आता,” नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. कलमकाका चपला घालायला वाकला तेव्हा आत कोणीतरी रडायला लागलं होतं. कोण, ते बघायला तो थांबला नाही.