पसंतीचं ठिकाण : चंद्रपूर

शमीमबाई ऑफिसात आल्या की आधी पंखा लावायच्या नाहीत, पर्ससुद्धा ठेवायच्या नाहीत. पर्स खांद्याला तशीच, उभ्याउभ्याच कॉम्प्युटर सुरू करायच्या, आमच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला तरी शोधायच्या आणि पडद्यावर ‘एकही उमेदवार सापडला नाही’ असं आलं की म्हणायच्या, “आज नाई.” मग पंखा, मग पर्स, मग चहा. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, असेल एखादी कधीच न भरणारी जागा.

चंद्रपुरात बसस्टँडजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वरती आमचं ऑफिस. खाणी, सिमेंटचे कारखाने, दवाखाने यांना माणसं शोधून द्यायची. मी पोंभुर्ण्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली, नुकतंच कॉलेज संपवून आलेली आणि स्वभावानं चिडकी. बाई शहरातल्याच. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, ते त्यांच्यामागे बंद पडलं. बाईंनी लग्न केलं नाही. सगळं काम मला त्यांनीच शिकवलं.

पडद्यावर डावीकडे फिल्टर असतात. शिक्षण, अनुभव, वय, भाषा, सध्याचं गाव, पसंतीचं ठिकाण. मी मालकानं सांगितलेलं सगळं एकदम लावायची आणि कुणीच आलं नाही की माऊस आपटायची. गडचिरोलीकडच्या एका दवाखान्याला नर्स हवी होती. अनुभवी, स्कूटी चालवणारी, गोंडी बोलणारी. माझा पडदा कोरा. बाई खुर्ची सरकवत आल्या.

“काऊन वं, सून पाह्यले निघाली का तू? उंची पाह्यजे, रंग पाह्यजे, सैपाकबी आला पाह्यजे.” त्यांनी भाषेचं फिल्टर काढलं. खाली धानोऱ्याकडच्या मुलींची नावं यायला लागली. “घरी बोलते ते कोणी अर्जात लिवते का? तिले वाटते, हे काय सांगाचं. फोन लाव अन् इचार.” मी विचारलं. पहिलीच पोरगी गोंडी बोलणारी निघाली.

“फिल्टर म्हंजे मालकाची हौस,” बाई म्हणायच्या. “हौस काढली की माणूस दिसते.” मोठमोठ्या कारखान्यांच्या साहेबांनाही त्या फोनवर सरळ विचारायच्या, “भाऊ, यातलं काय नसलं तर चालते, ते आधी सांगा.” आणि नोकरी लागलेल्या प्रत्येक पोराला शेवटी एवढं सांगायच्या, “घरी सांगून निघजो, बापू. न सांगता जाऊ नोको.” मी त्यांची नक्कल करायची. त्या हसायच्या, पण पुढच्या पोरालाही तेच सांगायच्या.

म्हणूनच मला त्यांच्या सकाळच्या त्या शोधाचं नवल वाटायचं. दुसऱ्यांची फिल्टर भराभर काढणारी ही बाई स्वतःचं एकही काढत नव्हती. एके दिवशी त्या चहा सांगायला खाली गेल्या आणि मी वाकून पाहिलं. काम वायरमनचं, शिक्षण चंद्रपूरच्या आयटीआयचं, आडनाव बाईंचंच. पसंतीचं ठिकाण, चंद्रपूर. मी हे शेवटचं तेवढं काढलं आणि झटक्यात एक नाव आलं. अन्वर. मुक्काम हैदराबाद. फोटोतलं नाक अगदी बाईंचं.

मला कोण आनंद झाला. बाई वर आल्या तशी मी म्हटलं, “बाई, सापडला की! एकच फिल्टर आडवं येत होतं.”

त्या खुर्चीत बसल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं.

“तो कुठी आहे ते मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याले इथी कधी यावंसं वाटते, ते पाहून राह्यली मी.”

अन्वर त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर बाईंनीच वाढवलेला. बहिणीशी पटायचं नाही असं नाही, पण त्याचा पाय ठरत नव्हता. न सांगता निघून गेला. बाई हैदराबादला गेल्या, हाताला धरून घेऊन आल्या. पुन्हा गेला, पुन्हा आणला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाई गेल्या नाहीत.

“मग निदान फोन करा ना,” मी म्हटलं.

“कायले? मी बोलावलं म्हणून तो येईन अन् पुन्हा जाईन. त्यानं सोताहून अर्जात चंद्रपूर लिवलं पाह्यजे.” आणि मी काढलेलं फिल्टर त्यांनी जागच्या जागी लावलं.

त्या दिवसापासून मीही सकाळी त्यांच्या पडद्याकडे डोळा ठेवून असायची. ‘आज नाई’ ऐकलं की माझंच मन खट्टू व्हायचं. फक्त ईदच्या आदल्या दिवशी त्या पसंतीचं ठिकाण काढायच्या, त्याचा फोटो मोठा करून पाहायच्या. “वाळला वं पोट्टा,” म्हणायच्या आणि पुन्हा लावून टाकायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी बाई आल्याच नाहीत. रात्री झोपेत गेल्या, असं शेजारणीनं फोनवर सांगितलं. मी ऑफिसात एकटीच होते. त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला, ते फिल्टर काढलं आणि अन्वरच्या नंबरवर फोन लावला. आता कुणाचं ऐकायचं होतं? तो निघाला तसा आला, पण तोवर माती झाली होती.

पुढे तो बाईंचं सामान न्यायला ऑफिसात आला. चष्मा, चहाचा कप, खुर्चीवरची उशी, एवढंच होतं. उशी उचलायची म्हणून वाकला आणि तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, “तुम्हाले माहा नंबर कसा भेटला?”

मी दाखवलं. बाई रोज काय करायच्या, काय म्हणायच्या, सगळं सांगितलं. तो पडद्याकडे बघत होता.

“रोज?” त्यानं विचारलं.

“रोज. तुम्ही स्वतः लिहाल, म्हणायच्या.”

त्यानं उशी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, “दोनदा आली होती मले न्यायले. मले वाटलं, आता तिचा राग गेला की ती तिसऱ्यांदाबी येईन. मी खोली नाई बदलवली. तिले पत्ता माहीत होता म्हणून.”

मला त्याचा राग आला आणि शमीमबाईंचाही आला. दोघं एकमेकांची वाट बघत बसले आणि मी मधे बसून चहा पीत होते. कुणाला धरून भांडू, मला समजेना. बाईंशी भांडायचं तर त्या हव्या होत्या. फार हव्या होत्या.

अन्वरनं खिशातून मोबाइल काढला, त्यावर आपला अर्ज उघडला. अंगठ्यानं काही तरी शोधत राहिला, थांबला, डोळे पुसले, पुन्हा शोधलं. मग मोबाइल उशीवर पालथा ठेवला.

“आता लावून पाहा,” तो म्हणाला.

मी बाईंची सगळी फिल्टर होती तशी लावली, पसंतीच्या ठिकाणासकट. उभ्याउभ्याच बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘एक उमेदवार सापडला’.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. असं आलं तर काय म्हणायचं, ते बाईंनी मला कधी सांगितलंच नव्हतं.