फ्रिजच्या दारातली लस

दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला अजूनही तो फ्रिज ऐकू येतो. घुर्रर्र करून सुरू व्हायचा, मग थरथरून गप्प बसायचा, आणि त्या शांततेत लांबून हाक यायची, "पुढचं कोण?" मी दचकून उठते. घरात कोणी नसतं. खिडकीबाहेर शेजारणीच्या कुरडया वाळत असतात. तरी थोडा वेळ वाटत राहतं की कुठून तरी स्पिरिटचा वास येतोय आणि बाहेर बाकावर बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या आहेत.

ती हाक मोठ्या सिस्टरांची. पंचवटीत भाजीबाजारामागच्या गल्लीत एक लहानसं प्रसूतिगृह होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे नर्स म्हणून लागले, तेव्हा त्या आधीपासूनच तिथल्या होत्या. माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत. उंच बाई, चालायच्या ताठ, बोलायच्या कमी. दवाखाना डॉक्टर मॅडमचा, पण राज्य यांचं. मॅडमसुद्धा सकाळी आल्या की आधी यांचा चेहरा बघून घ्यायच्या.

गुरुवार लसीकरणाचा. हिवाळ्यात नदीवरून धुकं गल्लीत यायचं, बाजारातल्या ओल्या मेथीचा वास त्यात मिसळायचा आणि त्या पांढुरक्यातून एकेक बाई उगवल्यासारखी दारात उभी राहायची. काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या, त्यांची वाफ वेगळी. आता आठवते तर ती सगळी सकाळ पाण्याखाली बघितल्यासारखी वाटते, आवाज लांबचे, माणसं हळू चालणारी.

आमच्याकडे एक रीत होती आणि ती मोठ्या सिस्टरांनीच पाडलेली. नवी लस आली की पहिली सुई घरच्या लेकराला. तीही आत खोलीत नाही, बाहेर बाकावर, सगळ्यांच्या देखत. काविळीची लस आली तेव्हा लोक बिचकत होते. काविळीला माळ घालतात, सुई कशाला, असं तोंडावर म्हणायचे. मोठ्या सिस्टरांनी वाद घातला नाही. आपली शाळेत जाणारी मुलगी आणून बाकावर बसवली आणि टोचली. माझी तेव्हा अंगावर पिणारी, तिचा नंबर दुसरा. "ती बघ चिमणी," त्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि पोरीने मान वळवेपर्यंत काम झालं होतं. त्या खिडकीत मी कधी चिमणी पाहिली नाही, पण पोरं दर वेळी फसायची. त्या दिवशी रांगेतली एकही बाई परत गेली नाही.

मग माझी मुलगी आठवीत गेली त्या सुमाराला ती दुसरी लस आली. कंपनीचा माणूस आला, हसऱ्या मायलेकींचं चित्र भिंतीला लावून गेला, आम्हाला एकेक पेन दिलं. मॅडमनी दुपारी सगळ्यांना बसवून समजावलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, तो संबंधातून पसरतो, म्हणून लस मुलींना लहानपणीच, त्याच्या कितीतरी आधी द्यायची. किंमत ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. आम्ही कसल्या हुशार! एकीने विचारलं, याने पुढे मूल राहायला अडचण येते का. दुसरीला वाटलं होतं की बाळंतपणानंतर घ्यायची असते. आणि मागून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आधीच झालेला असला तर?" तेवढ्यात लेबर रूममधून ओरडा आला, मॅडम धावल्या, आम्हीही धावलो. मुलगा झाला, पेढे आले. प्रश्न तिथेच राहिला.

फ्रिजमध्ये लसीच्या डब्या आल्या, पण बाकावर कोणाची मुलगी आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रीत मोडली. तो 'संबंध' शब्द सगळ्यांच्या घशात अडकला होता. रात्रपाळीची नर्स, माझ्याच वयाची, मला म्हणाली की आपल्या मुली काय तशा आहेत का. माझं डोकंच फिरलं. तशा म्हणजे कशा, म्हटलं, तुझं लग्न झालंय, दोन लेकरं आहेत, मग तू तशी का? ती फणकारली, आठवडाभर अबोला धरला. पण रागावले तरी माझी मुलगी मीही आणली नव्हती. तिने विचारलं असतं, आई, हे कशाने होतं? आणि दुसऱ्यांच्या बायकांना सगळं सांगणारी मी घरच्या मुलीपुढे मुकी झाले असते. नवऱ्याने तर ऐकूनच पेपर तोंडासमोर धरला.

माहीत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून बायका हेच दुखणं घेऊन यायच्या, फार उशिरा, नवऱ्याच्या खांद्याला धरून. आम्ही बॅटरी धरायचो, मॅडम बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. खोलीत त्या दुखण्याचा वास भरून राहायचा. मोठ्या सिस्टर त्या बाईला उठून बसवायच्या आणि तिचे केस विंचरून द्यायच्या. आधी तपासणीच्या टेबलावर चढताना बाई लाजली की म्हणायच्या, लाजू नको माय, मी हाय ना इथं. एरवी शुद्ध बोलणाऱ्या, पण त्या टेबलाजवळ त्यांच्या तोंडी माहेर यायचं.

श्रावणातली एक दुपार. ऊन-पावसाचा खेळ चाललेला, वॉर्डातल्या बाळंतिणी झोपलेल्या, पंखा जेमतेम फिरत होता. मोठ्या सिस्टरांनी मला लसीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. फ्रिजच्या दारातून त्या नव्या लसीची एक डबी काढून माझ्यापुढे धरली. स्वतःच्या पगारातून घेतली होती म्हणे. पहिलं इंजेक्शन त्यांनी आपलं आपणच मांडीत घेतलं होतं, आता दुसरं दंडात हवं होतं, माझा हात हलका म्हणून. मला हसूच आलं. म्हटलं, रीत काही सुटत नाही तुमची, मुलगी सासरी गेली तर स्वतःच बसलात का बाकावर? त्या हसल्या नाहीत. बाही वर सारून खिडकीकडे बघत राहिल्या.

"दुसरं घेतल्यावर थांबंल ना गं?"

"काय थांबेल?"

"अंगावरून जातंय. लय दिवस झाले. पाळी जाऊन किती वर्षं झाली, आणि आता हे."

फ्रिज थरथरला आणि गप्प झाला. ज्या बाईने निम्म्या नाशिकच्या बायकांना त्या टेबलावर चढवलं, ती स्वतः एकदाही चढली नव्हती. दुखणं आलं तर तिने दार लोटून सुई शोधली. आम्हा नर्सांच्या जातीचाच दोष हा, हातात सुई असली की वाटतं सगळं तिनेच भागेल. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. डबी अजून उघडली नव्हती, ती मी तशीच फ्रिजच्या दारात परत ठेवली. ही लस होऊ नये म्हणून असते, झालेल्याला काही करत नाही, असं त्यांना सांगताना माझा आवाज चढला होता. आता मॅडमना बोलावते, म्हटलं, टेबलावर चढा.

त्या भिंतीला टेकल्या. मॅडमसमोर कसं झोपू, म्हणाल्या, जन्मभर मी त्या टेबलाच्या या बाजूला उभी राहिले. मी विचारलं, दुसऱ्या कोणी बाईने असं लपवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? "शिव्या घातल्या असत्या," त्या शेवटी म्हणाल्या आणि चपला काढल्या.

बॅटरी मीच धरली. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मॅडमनी बघितलं आणि मान हलवली नाही, कारण त्यांना माहीत होतं की या बाईला त्या मान हलवण्याचा अर्थ कळतो. तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला तो तेच घेऊन आला. ऑपरेशनची वेळ गेली होती, रेडिएशनचे शेक घ्यायचे ठरले. त्या दिवशी तपासणी झाल्यावर मी त्यांचे केस विंचरले. त्यांनी करू दिलं.

त्यांचा शेवटचा गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी त्या शेक घ्यायला जाणार होत्या. बुधवारी संध्याकाळी मला म्हणाल्या, ती डबी तुझ्या पोरीची. घरी गेले आणि नवऱ्याच्या तोंडासमोरचा पेपर खाली केला. सगळं सांगितलं, त्यांच्या त्या अर्धवट राहिलेल्या प्रश्नासकट. त्याने पेपर घडी करून ठेवला आणि मुलीच्या शाळेला सुट्टीची चिठ्ठी लिहून दिली.

बाकावर बायका होत्या, पोरं रडत होती, बाहेर भुरभुर चालू होती. माझी उंच झालेली मुलगी मधोमध बसली, दोन वेण्या घालून. मोठ्या सिस्टरांची बोटं बारीक झाली होती, पण सुई धरली तेव्हा जराही हलली नाहीत. तेवढ्यात माझ्या पोरीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ही कशाची लस आहे? बाकावरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवत राहिले.

"पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला झालाय. तुला होऊ नये म्हणून. ती बघ चिमणी."

आणि माझी एवढी मोठी, शहाणी मुलगी खिडकीकडे वळली. कापूस दाबताना त्यांनी वर न बघता, सवयीने, हाक दिली, "पुढचं कोण?" पुढे कोणीच नव्हतं. दारात रात्रपाळीची नर्स ड्यूटी संपवून उभी होती, पर्स खांद्याला लावून. तिचा चेहरा पडला होता. हळूच म्हणाली, माझी उद्या आणते, सिस्टर.

"उद्या मी नाय," त्या म्हणाल्या. "आजच आण."

ती छत्री तिथेच विसरून गल्लीतून शाळेकडे पळाली. मोठ्या सिस्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि दाराकडे बघत बसल्या.