टोप्यांची डबी माझ्याकडं

निवडणूक लागली की मला झोप लागायची. हसू येईल, पण खरं आहे. आचारसंहिता सुरू झाली की गावातल्या लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लागायच्या, आणि निकाल लागून सगळं निवेपर्यंत आमची बंदूकही तिथंच राहायची. नव्वदीच्या शेवटाला निवडणुका एकीमागं एक आल्या. लोक कंटाळले होते. मला मात्र कोण निवडून येतंय याचं काही नव्हतं, फक्त उशिरा यावं एवढंच वाटायचं.

माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगलीकडचं. सातवीत शाळा सुटली, मग काही वर्षं खुरपणीत गेली. हे आमच्याकडं उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून आले होते, त्या ओळखीतून लग्न ठरलं आणि मी वसमतजवळच्या हट्टा गावच्या शिवारात येऊन पडले. गाडी, मग एसटी, मग पुन्हा एसटी. माहेरी बंदूक बघितली होती ती फक्त बँकेच्या दारात. इथं ती माजघरात खुंटीला होती, सासऱ्यांच्या धोतराशेजारी. लायसन पिकाच्या राखणीचं, नाव सासऱ्यांचं, पण रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचे हे. असं चालत नाही म्हणतात. चालायचं.

बंदूक ठासणीची. नळीत बारूद आणि छर्रे ठासायचे, मागं तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा पडला की बार. टोपी नसली तर नुसती काठी. हे सगळं मला यांनीच हौसेनं दाखवलं होतं. पण यांचा राग मी त्याआधीच बघितलेला. जेवणात मीठ जास्त झालं तर काही नाही. बांधाचा विषय निघाला की मात्र डोळे बदलायचे. बांधापलीकडं चुलत दिराचं शेत. त्यानं नांगरताना दरवर्षी थोडा थोडा बांध कोरला, असं यांचं म्हणणं. यांनीच कोरला, असं त्याचं. मला रोज वाटायचं, एक दिवस हे रानडुकरांसाठी भरलेली बंदूक माणसावर उचलतील. मुलगी रांगायला लागल्यावर तर मी पाळणाही त्या भिंतीपासून लांब बांधला.

एका निवडणुकीनंतर सासरे बंदूक आणायला निघाले, तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "मामा, ती तिथंच राहू द्या की."

"काहून?"

"घरात राग आहे, मामा."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासूनच बोलल्या, "राग कोनाच्या घरात न्हाई? आन डुकरं हळद उकरून राहिले, भुईमूग ठेवला न्हाई, त्याचं काय? डुकराला अर्ज द्यावा का?"

त्यांचंही खोटं नव्हतं. बार ऐकला की कळप पळायचा, डबे बडवून पळत नव्हता. मामा गेले आणि बंदूक घेऊन आले. पण संध्याकाळी त्यांनी टोप्यांची पत्र्याची डबी माझ्या हातात ठेवली. "ह्या तुझ्यापाशी. डुकरासाठी मागितल्या तर त्याला दे. मानसासाठी मागितल्या तर मलाबी देऊ नको."

"मला कसं कळणार?"

"तोंड बघून कळतंय."

त्या घरात तोवर माझ्या हाती कुणी कपाटाची किल्लीही दिली नव्हती. मामांचे ते उपकार मी अजून विसरले नाही. पण होती नव्हती ती झोपही त्या डबीनं नेली. ओल लागली की टोपी वाया जाते, म्हणून रांजणाजवळ नको. मुलीच्या हाताला नको. ट्रंकेत नको, तिथं हे आधी बघतील. शेवटी मी ती कमरेलाच खोचायला लागले.

मामा वसमतच्या बाजाराला गेले होते त्या दुपारी हे शेतातून अनवाणी आले. "टोप्या दे."

"डुकरं आलीत का? आत्ता, उन्हाचं?"

"दोन पायाचं आलंय."

मी मुलीला उचलून कडेवर घेतलं, डबीवरच. "मामांकडं आहेत," म्हटलं. यांनी ट्रंक उलटी केली, मडकी हलवली. बंदूक खुंटीवरून काढली, हातात तोलली, खाटेवर टाकली आणि तसेच गेले.

परत आले ते बैलगाडीत आडवे. चुलत दिरानं खोऱ्याचा दांडा डोक्यात घातला होता. वसमतला नेऊन टाके घातले. डबी माझ्याच कमरेला होती, ते त्या रात्री सगळ्या घराला कळलं.

"बायको अशी का नवऱ्याला रिकाम्या हातानं धाडती?" आत्याबाई येईल त्याला ऐकवायच्या.

मामांनी एकदाच उत्तर दिलं. "टाके पडले म्हनजे पोरगं घरी हाय. जेलात असतं तर डबा घेऊन तू गेली असतीस का?"

तरी माझं मन निवलं नाही. भावकीतले म्हणायचे, नुसती रिकामी बंदूक हातात दिसली असती तरी तो मागं सरला असता. सरला असता का? की आणखी जोरात मारलं असतं? मी भाकरी थापतानाही हेच उलटत बसायची.

यांनी बरेच दिवस बोलणं टाकलं. मग एका तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, डोक्याला रुमाल. "डुकरं आलेत. दे."

मी तोंड बघितलं. काहीच कळलं नाही.

"मी पण येते."

"बायामानसाचं काय काम तिथं?"

"टोप्या माझ्याकडं आहेत."

मुलीला आत्याबाईंजवळ ठेवून मी यांच्या मागं माळ्यावर चढले. उसाच्या कडेनं खुसफुस चालली होती. यांनी नळी भरली. मी एक टोपी दिली. तेवढ्यात बांधापलीकडून चुलत दिराचा आवाज आला, "कळप इकडं वळून राहिला रे."

भांडणानंतर त्यानं पहिल्यांदाच हाक दिली होती. यांनी टोपी बसवली, घोडा ओढला. नळी आवाजाच्या दिशेला होती, कारण डुकरंही तिकडंच होती. मी यांचा दंड धरला. झटकतील वाटलं, झटकला नाही.

यांनी एकदा बांधाकडं बघितलं. मग त्याला ओरडून म्हणाले, "बस खाली. बार काढून राहिलो."

"बसलो. काढ."

यांनी नळी आभाळाकडं उचलली. बार झाला तरी मी दंड सोडला नव्हता.