शुक्रावरचं शेत

गुरुत्वाकर्षणाचा धडा मी पाठ केला मार्कांसाठी. कळला तो कापसामुळे, आणि तोही उशिरा.

राळेगावकडच्या आमच्या गावात मी तेव्हा नववीत होते. कापसाला भाव नव्हता, तरी लोक कापूसच पेरत होते, कारण दुसरं काय पेरायचं हे सांगायला कोणी येत नव्हतं. आई एका मालकाच्या शेतात वेचणीला जायची. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगायचे, त्याला गाठोडं अडकवायचं, आणि जेवढे किलो भरतील तेवढी मजुरी. आमचं घर त्या काट्यावरच चालत होतं.

शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. मी विषय घेतला, 'तुमचं वजन कोणत्या ग्रहावर किती?' आमच्या सरांनी समजावलं, "तराजूत दोन्ही पारड्यांवर ओढ सारखीच, त्यामुळे तो चंद्रावरही तेच सांगेल. फरक पाहायचा तर स्प्रिंगचा काटा पाहिजे." गावात तसा काटा एकच होता. मालक शाळेच्या समितीवर होते. त्यांनी तो हसत दिला, वर "नाव काढ गावाचं" असंही म्हणाले.

आदल्या दिवशी किराणा दुकानातून पाच किलोचं वजन आणून मी काट्याला टांगलं. साडेचार भरलं. सरांना वाटलं, दुकानदाराचं वजन खोटं. दुकानदार रागावून दुसरी दोन वजनं घेऊन आला. तीही तशीच भरली. मी माझ्या तक्त्याकडे पाहिलं. पाच किलोचं साडेचार होतं ते शुक्रावर! मला इतका आनंद झाला की आपली आई रोज याच काट्याला गाठोडं टांगते, हे लक्षात यायला जरा वेळच लागला. मग मात्र डोकं तापलं.

"काट्याजवळच्या पाटीवर पृथ्वी खोडून शुक्र लिही," सर हळूच म्हणाले. "उगाच कशाला वाकड्यात शिरायचं."

प्रदर्शनाला वेचणाऱ्या बायाही आल्या. गुरूवर वजन अडीचपट होतं म्हटल्यावर आमची शेजारीण हरखली.

"मंग आपुन तथीच जाऊ ना वं वेचाले!"

"जाय," आई म्हणाली. "पन तथी गाठोडं उचलाले मान आपलीच लागन."

तेवढ्यात तालुक्याचे पाहुणे मालकांसोबत माझ्या टेबलापाशी आले. पाच किलोच्या वजनाला काट्यावर साडेचार पाहून पाहुण्यांनी विचारलं, "हा काटा पृथ्वीवरचाच ना?"

"नाही सर," मी म्हणाले. "मालकांच्या शेतातला आहे. तिथं शुक्राएवढंच भरतं."

सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्यांदा मालक हसले. मला पहिला नंबर मिळाला. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं, पण त्या दिवशी ते खटकलं नाही.

घरी येताना मी वाटभर आईच्या शाबासकीची वाट पाहत होते. ती शेवटी पुलाजवळ बोलली.

"काटा खोटा हाय हे आमाले मालूम नव्हतं काय?"

"मग बोलल्या का नाहीत?"

"कायले बोलाचं? आमी तांबडं फुटल्याबराबर वावरात जातो, ते काहून? दहिवरानं कापूस ओला रायते, जड भरते. हे त्याले मालूम, आन त्याचा काटा आमाले मालूम. बराबर चालून राह्यलं होतं."

मला हे अजिबात पटलं नाही. खोट्याला खोटं लावून बरोबर येतं, हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. नुकताच पहिला नंबर आलेल्या माणसाला शिकवणं तसंही अवघड असतं.

मालकांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. आठ दिवसांत ते यवतमाळहून नवा काटा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीनं डोळे उघडले. आता सगळं सायन्सप्रमाणं. काटा खरा, तर कापूसबी कोरडा पाहिजे. उद्यापासून दव वाळल्याशिवाय कोणी वावरात पाय ठेवाचा नाई."

वेचणी दहानंतर सुरू होऊ लागली. सकाळचे थंड तास गेले, दवाचं वजन गेलं, आणि उन्हात बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं जास्त सोलायला लागली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आईच्या मदतीला गेले. खरं तर नवा काटा पाहायला गेले होते. किराणा दुकानातलं पाच किलोचं वजन मागून पिशवीत नेलं होतं, आणि मालकांच्या देखत टांगून पाहिलं. बरोब्बर पाच. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी आईचं गाठोडं टांगलं. काटा जिथं थांबला तिथं आई बराच वेळ पाहत राहिली. रोजच्यापेक्षा कितीतरी कमी होतं. मला तिच्याकडे पाहवेना.

"आता काटा बराबर हाय ना?" तिनं मला विचारलं.

"हो."

"तू सोता पाह्यलं?"

"हो, आई."

तिनं गाठोडं काढलं, पदरानं बोटं पुसली.

"मंग मीच कमी भरून राह्यली म्हन."