चंद्रकलाच्या खालचं नाव

शिवहारला दवाखान्यात सगळे 'कंप्युटरवाला' म्हणतात. प्रिंटर अडकला की शिवहार, आणि पंखा घरघरला तरी शिवहारच. हिंगोलीच्या कडेला असलेल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो चार वर्षांपासून कंत्राटावर आहे आणि त्याचं खरं काम काय, हे तिथल्या कुणालाच धड सांगता यायचं नाही. काम साधं आहे. तिथं राबणाऱ्या प्रत्येक माणसाची यंत्रात एक नोंद असते आणि नोंदीला गट जोडलेला असतो: बाळंतपण, औषधं, शस्त्रक्रिया. ज्याचा जो गट, त्याच्या कार्डाने तेवढीच दारं उघडतात. या नोंदवहीची राखण शिवहारकडे. बाप मसाजी सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला मेंढरं राखतो आणि पोरगं नावं राखतं.

मार्चात कचेरीचे अधीक्षक व्यंकटराव यांनी फर्मान सोडलं. "ज्या नावाला गट न्हाई, त्याची यादी दे. सही करून दे. ती नावं बंद. पुढच्या वर्षाचं कंत्राट बी त्यांना न्हाई."

व्यंकटरावांना चर्चा चालत नसे. शिवहारने यंत्राला कामाला लावलं. पहिलं नाव घे, त्याचे गट बघ, मग पुढचं नाव घे. चारशे बारा नावं चहा निवायच्या आत तपासून झाली. सात नावांना गट नव्हता. त्याने कागद छापला, खाली झोकात सही ठोकली आणि नेऊन दिला. नावं वाचली त्यानंतर. घाईचं काम असं उलट्या पायांचंच असतं.

सहा जण वर्षातून एखाद्या शिबिराला येणारे पाहुणे डॉक्टर. सातवं नाव चांगुणाबाई.

चांगुणाबाई बाळंतपणाच्या विभागात आया. बावीस वर्षं झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, भाड्याची एक खोली. दवाखाना हेच काय ते घरदार. शिवहारची बायको सीमा अडली होती, तेव्हा या बाईने दुपारभर तिची पाठ चोळली होती. पोरगी झाली, तीसुद्धा हिच्याच हातावर. "बापावर गेली गं बया, पन जाऊ दे, नाक आईचं हाय," असं म्हणून हिने त्याला भर वऱ्हांड्यात हसवलं होतं. आणि या बाईला गट नाही?

त्याने मागच्या वर्षीची जुनी नोंदवही उघडली. चांगुणाच्या बरोबर वरचं नाव चंद्रकला. ही नर्स सासरी वाशिमला गेली, म्हणून मागच्या जुलैत तिची नोंद काढलेली. त्याने बाकीची सहा नावं पाहिली. प्रत्येकाच्या वर असंच कुणी तरी, नोकरी सोडून गेलेलं.

आता त्याला उमगलं. जुलैत जुने गट पुसून सगळे नव्याने जोडायचे होते. तेव्हा त्याने यंत्राला सांगितलं होतं: एकेक नाव घे, गेलेलं असेल तर काढ, असलेलं असेल तर नव्या गटात घाल. पण चाळिसावं नाव काढलं की एकेचाळिसावं सरकून चाळिसाव्या जागी येतं, आणि यंत्र आपलं मुकाट एकेचाळिसाव्या जागेकडे निघून जातं. सरकलेल्याकडे कुणी बघतच नाही. चंद्रकला गेली आणि तिच्या जागी सरकलेली चांगुणाबाई न तपासताच राहिली.

लाज याची, की ही गोष्ट त्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक होती. मेंढवाड्याच्या तोंडाशी मसाजी एकेक मेंढरू मोजून आत घ्यायचा. शिवहारने मधेच एखादं लंगडं ओढून बाजूला काढलं, की त्या गडबडीत त्याच्या मागचं बिनमोजणीचं सटकायचं. बाप खेकसायचा, "मोजताना मदी हात घालू न्हाई रे! काढायचं त्याच्यावर गेरूची खूण कर, मोज संपल्यावर काढ." बाप निरक्षर आणि लेक पदवीधर. शिक्षण कुठं मुरलं, ते तुम्हीच बघा.

पण आठ महिने ही बाई आत कशी जात होती? त्याने विभागातल्या सपना सिस्टरला विचारलं.

"मावशी? त्या दाराजवळ बसलेल्या असतात. कुणी आत जायला लागलं की मागून येतात. आम्हाला वाटलं, कार्ड घरी विसरतात."

शिवहार तडक व्यंकटरावांकडे गेला. गुपचूप गट जोडून टाकला असता, पण सहीची यादी त्यांच्या टेबलावर होती. त्याचंही कंत्राट याच महिन्यात संपत होतं, आणि घरी दीड वर्षाचं लेकरू. दाराशी तो क्षणभर घुटमळला, नाही असं नाही. मग आत जाऊन त्याने सगळं सांगितलं.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. "म्हंजे चूक तुझी आन् घर बाईचं बुडनार व्हतं?"

"व्हय साहेब."

"लिहून दे तसं." त्यांनी यादीतली सातही नावं पेनाने खोडली. "तुझं काय करायचं ते मंगळवारी बघू. आधी तिचं दार उघड."

शिवहारने गट जोडला आणि पळतच विभागापाशी आला. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर धुतलेल्या दुपट्यांची चळत.

"मावशी, कार्ड लावा."

"त्याला काय व्हतंय? ते बंद हाय."

"लावा तर."

बाईंनी उठून कार्ड लावलं. दार टिक करून उघडलं. पण बाई आत गेल्या नाहीत.

"आठ महिने बसून राहिल्या तुमी इथं! मला काहून नाही सांगितलं?"

चांगुणाबाईंनी दुपटी छातीशी धरली. "वाटलं, म्हातारी झाली म्हनून साहेबांनीच बंद केलं. इचारलं आसतं तर 'जा' म्हनले आसते. न इचारता निदान बसता तरी येत व्हतं."

"कुणी बंद केलं नव्हतं, मावशी. माझ्या हातून नाव राहिलं. चूक माझी हाय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे मला कुनी काढलंच नव्हतं?"

"न्हाई. कुणीच न्हाई."

दार आपोआप मिटलं. चांगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले, कार्ड पुन्हा लावलं आणि दुपटी घेऊन आत गेल्या.