शाल, श्रीफळ आणि दोन कुबड्या

जन्मापासून माझे पाय चालण्याच्या कामाचे नाहीत. कुबड्या घेऊन सपाट जमिनीवर मी कुठेही जाते. पायऱ्या आल्या की मात्र लोक मला उचलतात. शाळेत आई उचलायची, लग्नकार्यात मामा, कॉलेजात जो दिसेल तो. मला कुणी विचारत नाही. ते एकमेकांशी बोलतात, "तिकडून धर. हां, घे वर." सोफा चढवतानाही असंच बोलतात. मी लहानपणीच एक शिकले. हात लागला की अंग त्यांच्या स्वाधीन करायचं आणि आपण आत कुठेतरी जाऊन गप्प बसायचं. लाज नाही, राग नाही, काहीच नाही. पुढे हे काहीच न वाटणं न बोलावता यायला लागलं. वडील गेले तेव्हाही आलं.

मी तळवड्याच्या एका कंपनीत नोकरी करते. आमच्या रहाटणीतल्या मंडळाने दिव्यांग दिनाला माझा सत्कार ठरवला. कशाबद्दल ते कुणी सांगितलं नाही. रोज कामावर जाते, एवढ्यावर आमचा सत्कार होतो. आईला मात्र कोण कौतुक! ठेवणीतली साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली.

दिव्यांगांचा सत्कार, आणि स्टेजला पायऱ्या! वर लाल गालिचा. माझं नाव पुकारलं तसे दोन कार्यकर्ते बाह्या सरसावत आले.

"भावा, तू काखेत धर. पाय मी घेतो."

"मला उचलू नका," मी म्हणाले. ठरवून आले नव्हते. आवाजही चढला नाही.

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे. पाहुणे उभे आहेत वर."

"मग त्यांना खाली बोलवा. त्यांना पायऱ्या उतरता येतात."

आई मागून कुजबुजली, "अगं, उचलू दे की त्यास्नी. समदी बघायला लागली. मी न्हाई का उचलत तुला?"

"नको, आई."

पाहुणे तोंड वाकडं करत खाली आले. खांद्यावर शाल घातली, मग नारळ पुढे केला. माझे दोन्ही हात कुबड्यांवर. पाहुणे नारळ धरून ताटकळले, फोटोग्राफर "ताई, नारळ घ्या, इकडे बघा" म्हणत राहिला. कुबडी सोडली तर मी पडेन, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या आईला कळलं. ती उठली आणि तिने नारळ घेतला. फोटोत ती आहे, गाल फुगवून.

माझ्यानंतर पिंपळे गुरवच्या एका व्हीलचेअरवाल्या बाईंचा नंबर होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी पण खालीच घेते." आता आम्ही काही जणी कार्यक्रमाआधी हॉल बघून येतो, रॅम्प नसेल तर भांडतो. लोक याला चळवळ म्हणतात. मला त्यातही फारसं काही वाटत नाही. भांडण बरं जमतं, एवढंच.

पण त्या संध्याकाळी आई माझ्याशी बोलली नाही. साडीची घडी घातली, नारळ देवापुढे ठेवला आणि भाकरी थापायला बसली. तिला दुखावलं हे मला कळत होतं. वाईट मात्र वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली.

कंपनीच्या गाडीची पायरी उंच आहे. रोज सकाळी आईच मला वर चढवते. दुसऱ्या दिवशी गाडी आली. आईचे हात सवयीने माझ्या काखेकडे आले आणि मधेच थांबले.

"धरू का गं?" तिने विचारलं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी नेहमीसारखी माझ्या आत कुठेतरी जाऊन गप्प बसायला बघत होते, पण जाता येईना. आईचे हात तसेच थांबलेले होते. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

"धर," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.