राँग नंबरवर बासरी

आमच्या घरी फोन बसला तेव्हा मी औरंगाबादेतल्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. अर्ज केल्याचं आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो. बायकोनं त्या काळ्या यंत्रावर टाकायला क्रोशाचा रुमाल विणायला घेतला. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, आता घरबसल्या एकमेकांना रेकॉर्ड ऐकवता येईल.

रेकॉर्डचं वेड असलेले आम्ही तिघं होतो. मी, शहागंजात कापडाचं दुकान चालवणारा माझा मित्र आणि विद्यापीठाकडं राहणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापिका. त्यांना आम्ही दोघंही बाई म्हणायचो. तेव्हा कॅसेटचे दिवस होते. लोक तबकड्या भंगारात घालत होते आणि आम्ही त्या उचलून आणत होतो. भेटलो की काल घरी काय लावलं होतं तेवढंच बोलायचो. पण बासरी तोंडानं किती सांगणार?

त्या दोघांकडं फोन आधीपासून होता. माझा आल्यावर रविवारचा रिवाजच पडला. सकाळची आवराआवर झाली की ज्याची पाळी असेल त्यानं फोन लावायचा, पलीकडून 'हॅलो' आलं की सुई टेकवायची आणि रिसीव्हर स्पीकरसमोर उशीवर ठेवून द्यायचा. नमस्कार-चमत्कार नाही. जे बोलायचं ते रेकॉर्डची एक बाजू संपल्यावर. गावातल्या गावात कितीही वेळ फोन चालला तरी तेव्हा तो एकच कॉल धरायचे, त्यामुळं घाई नसायची.

असाच एका रविवारी मी मित्राला फोन लावला. पलीकडून काहीतरी 'हॅलो'सारखं ऐकू आलं. मी बासरीची लाँगप्ले लावली, रिसीव्हर उशीवर ठेवला आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसलो. बाजू संपली तसा रिसीव्हर उचलून म्हणालो, "काय मियाँ, कशी वाटली?"

पलीकडं एक म्हातारा बायकी आवाज. "लई ग्वाड. संपलं का?"

मी दचकलोच. "कोण बोलतंय?"

"मी हाय. पुंडलिकनगरातून. पोरगं ड्यूटीवर गेलंय. तुम्ही कोण?"

"माफ करा मावशी, नंबर चुकला. मला शहागंजात लावायचा होता."

"चुकू द्या की," ती म्हणाली. "उलट्या बाजूनं बी वाजतंय का ते?"

मी तबकडी उलटली. दुसरी बाजू संपल्यावर मावशींनी स्वतःविषयी सांगितलं. त्या गंगापूरकडच्या खेड्यातल्या. शेतात बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलं, म्हणून मुलानं इथं आणून ठेवलेलं. मुलगा वाळूजला कंपनीत मशिनरीच्या दुरुस्तीवर होता. केव्हाही बोलावणं यायचं, म्हणून कंपनीनं घरी फोन दिला होता. मुलगा आणि सून दोघंही कामाला गेले की दिवसभर मावशी, खाट आणि उशाशी तो फोन. फोन म्हणजे निरोपाचं यंत्र एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यातून बासरी येते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मित्राला हे सांगितलं तर तो लहान पोरासारखा हसला. "मैं इधर बैठा फोन की राह देखरा, और तुम उधर नवी दोस्ती करलिये! नंबर देव. अब मैं बी सुनाऊंगा."

नंबर मावशींनी पहिल्याच दिवशी फोन ठेवायच्या आधी आनंदानं दिला होता. मग मी दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी, मित्र दुपारी दुकान बंद केल्यावर, बाई त्यांच्या मोकळ्या तासाला, असं आमचं त्यांना ऐकवणं सुरू झालं. मावशींची आवडनिवड पक्की होती. गाणं त्यांना फारसं नको असे. "बोल कळत नाय फोनात, नुसतं कुणीतरी भांडायलंय असं वाटतं." सनई पसंत, सारंगी चालेल, पण बासरी सगळ्यात वर. बाईंनी एकदा पियानो लावला तर मावशी म्हणाल्या, "भांडी नीट लावा वो, आदळू नका."

एका दुपारी मी बासरी लावून नेहमीसारखा बसलो होतो. बाजू संपल्यावर रिसीव्हर उचलला तर पलीकडून पुरुषाचा चढलेला आवाज. "हॅलो! हॅलो! कोण बोलायलंय? कधीचा ओरडतोय मी!"

मी नाव सांगितलं, शाळा सांगितली.

"सर, तुम्ही शिकवणारे आहात म्हणून नीट बोलतो. जेवणाच्या सुट्टीत मी आईला रोज फोन करतो, गोळी घेतली का विचारायला. आठवडाभर फोन एंगेज! आज तर तासभर लागेना. मला वाटलं पडली, रिसीव्हर हातातच राहिला. वाळूजवरून स्कूटर हाणत आलो. येऊन बघतो तर ही डोळे मिटून पडलेली, कानाला फोन. माझ्या तर काळजाचं पाणी झालं!"

मागून मावशींचा आवाज आला. "अरे, त्येंना कशाला बोलायलास? मी झोपले नव्हते. मी आयकायले होते."

मी मनापासून माफी मागितली, जेवणाच्या वेळेला फोन करणार नाही असं कबूल केलं. तसा त्याचा आवाज उतरला. "तसं नाही सर. इथं आल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून पडायची. हल्ली मी घरी आलो की आज काय वाजलं ते सांगते, मला वाटायचं शेजारचा रेडिओ असेल. पण एकदा घरी या. कोण आहात ते तरी बघू द्या."

मावशी काठी घेऊन चालायला लागल्यावर आम्ही तिघंही गेलो. मित्रानं त्याचा रेकॉर्ड प्लेअर रजईत गुंडाळून रिक्षातून मांडीवर धरून आणला. मावशी बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, भुवयांपर्यंत सुरकुत्या. आम्हाला चेहऱ्यावरून ओळखायचा प्रश्नच नव्हता. मी "नमस्कार मावशी" म्हणालो तशा त्या सुनेला म्हणाल्या, "ह्ये बासरीवाले सर."

सुनेनं धपाटे आणि दही पुढं ठेवलं, पण मावशी कुणाला खाऊ देईनात. आधी वाजवा. मी तीच पहिल्या दिवशीची तबकडी लावली. बासरी सुरू झाली, मावशींनी मान डोलवली. मग तबला आला आणि त्या एकदम ताठ झाल्या.

"ह्यो कोण वाजवायलाय?"

"तबला आहे, मावशी."

"फोनात ह्यो माणूस नव्हता!"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरंच होतं. फोनच्या बारीक आवाजात डग्ग्याची घुमक यायचीच नाही, वरची टिकटिक तेवढी पोचायची.

"म्या समजले तुमच्या घरातलं घड्याळ वाजायलंय," मावशी म्हणाल्या. "मनात म्हणायची, लईच जोरात पळतंय सरांचं घड्याळ."

बाईंच्या हातातलं दही सांडलं. मुलगा हसता हसता खाली बसला. मावशींचं मात्र लक्ष नव्हतं. त्या प्लेअरजवळ सरकल्या आणि लाकडी पेटीवर तळवा ठेवून बाजू संपेपर्यंत तशाच बसल्या. नंतर म्हणाल्या, "पुन्हा लावा. आता त्या दुसऱ्याला आयकते."

मुलाच्या हातात कसब होतं. आमच्या मित्राकडं पडून असलेला एक बंद प्लेअर त्यानं नेला, मोटर उघडून दुरुस्त केला. मावशी पुढच्याच हंगामात गावी परतल्या तेव्हा प्लेअर बरोबर घेऊन गेल्या. हुरड्याला त्यांनी आम्हा सगळ्यांना शेतावर बोलावलं. विहिरीवरच्या मोटरच्या खोलीतून वायर ओढून प्लेअर बाजेवर मांडला होता. वीज कमी-जास्त व्हायची, तशी बासरी मध्येच खाली घसरायची, जड व्हायची आणि पुन्हा वर चढायची. शेजारच्या शेतातली माणसं कणसं चोळत हसत होती. आमच्या मित्राचा जीव खालीवर होत होता. मावशी त्याला गरम दाणे देत म्हणाल्या, "खा रे बाबा. दमलंय ते, जरा थांबून चालतंय."